बोटीच्या ट्रान्सपरंट पडद्याचं शीट: कुठलं घ्यायचं, कसं शिवायचं आणि धुताना काय चुकतं

पावसाळा संपून बोटी परत पाण्यात उतरायला लागल्या की मला वेगवेगळ्या लोकांकडून एकच फोटो येतो. कॉकपिटच्या पुढच्या पडद्यातली ट्रान्सपरंट खिडकी, कडेने पिवळट, मधोमध गोल गोल पांढऱ्या रेघांचं जाळं, आणि खाली मेसेज, 'दादा गेल्याच वर्षी टाकलेलं, उन्हाने गेलं बघा'. मी बोटींची कव्हरं आणि पडदे शिवतो, तर हे फोटो झूम करून बघतो तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा ऊन निर्दोष असतं. गोल रेघा फडक्याच्या आहेत. ऊन गोल फिरून पुसत नाही.

म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून काढतोय, विकत घेण्यापासून ते पुढचं शीट बदलेपर्यंत. लांब आहे, पण क्रम मोडू नका, कारण यातल्या बहुतेक चुका क्रमाच्याच आहेत.

सुरुवातीला एवढं समजून घ्या. हे शीट म्हणजे पीव्हीसी, घरातल्या पाइपाचंच भावंड. मुळात कडक, त्यात मऊपणा येण्यासाठी तेलासारखं प्लास्टिसायझर मिसळतात. ते कधीच पूर्ण पक्कं बसत नाही, उष्णतेने, केमिकलने, दुसऱ्या कशाला चिकटून राहिल्याने हळूहळू बाहेर येत राहतं, आणि ते गेलं की शीट आकसतं, कडक होतं, तडकतं. आणि मऊ असल्यामुळेच ते बाहेरचा रंग, शाई, तेल आत ओढून घेतं. पुढे जे जे 'करू नका' सांगतोय ते या दोन गोष्टींतून येतं, एक म्हणजे आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. तिसरी गोष्ट ओरखड्यांची, ती वेगळी सांगतो.

टप्पा 1: आधी बोटीवर जा, दुकानात नंतर

प्रत्येक खिडकीसमोर उभं राहून तीन गोष्टी लिहा: यातून चालवणारा बघतो का, ही रोज गुंडाळली जाते का, आणि केवढी मोठी आहे. सगळ्या खिडक्यांना एकच शीट टाकणं ही पैसे वाया घालवायची सगळ्यात सोपी रीत आहे.

चालवणाऱ्याच्या समोरची खिडकी सगळ्यात चांगल्या मालाची हवी, 1 मिमी जाडीची. इथे पैसे वाचवू नका. मुंबई हार्बरमध्ये रात्री परत येताना समोर काय काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, नांगरलेली जहाजं, टँकर, बिनदिव्याच्या होड्या, जाळ्यांचे बोये, आणि टक्कर टाळायचे जे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यातला पाचवा नियमच मुळी डोळे-कान उघडे ठेवून सतत पहारा ठेवण्याचा आहे. धुरकट खिडकीतून तो पाळता येत नाही.

बाजूच्या खिडक्यांना 0.75 मिमी पुरतं. मागची, जी सारखी वर गुंडाळायची असते आणि जिच्यातून कोणी काही शोधत नाही, तिला 0.5 चालतं, पण ती लहान असेल तरच. मोठ्या खिडकीला पातळ शीट लावलं की दुपारनंतरच्या वायव्येच्या वाऱ्याला ते दिवसभर फडफडतं आणि शिवणीच्या कडेला बरोबर तडकतं.

खिडकी कधीच गुंडाळायची नसेल, पक्क्या चौकटीतच राहणार असेल, तर मऊ शीटचा हट्ट सोडा आणि पॉलीकार्बोनेट किंवा अॅक्रिलिकचा विचार करा. नजर जास्त स्वच्छ मिळते. फक्त ते गुंडाळता येत नाही, आणि मऊ पीव्हीसी त्याला टेकवून ठेवायचं नाही, प्लास्टिसायझर लागून त्याला बारीक भेगा पडतात.

> थांबा: मागची बाजूही बंद होईल असा चारही बाजूंचा पडदा करत असाल तर इंजिनाच्या धुराचा विचार आत्ताच करा. बोट पुढे जाते तेव्हा मागे हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर एक्झॉस्ट येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आत बसलेल्याला नुसती झोप आल्यासारखं वाटतं. इंजिन किंवा जनरेटर चालू असताना पुढून वारा आत येईल अशी एक तरी खिडकी उघडी राहिलीच पाहिजे, तशी चेन (झिप) डिझाइनमध्येच ठेवा.

टप्पा 2: दुकानात काय मागायचं, काय तपासायचं

पहिली चूक इथेच होते आणि ती शब्दाची आहे. बोटींच्या परदेशी व्हिडिओंत '40 गेज' शीट सांगतात. तिथे 40 गेज म्हणजे इंचाचे 40 हजारांश, साधारण 1 मिमी. 30 गेज म्हणजे 0.75 मिमी आणि 20 म्हणजे 0.5 मिमी. आपल्याकडे प्लास्टिकच्या बाजारात गेज म्हणजे पिशव्यांचं गेज, 100 गेज म्हणजे 25 मायक्रॉन. म्हणजे मशीद बंदरच्या गल्लीत जाऊन '40 गेज द्या' म्हणालात तर त्या हिशोबाने तुम्ही 10 मायक्रॉनची पिशवी मागताय. दुकानदार अर्थातच काहीतरी जाडसर काढून देतो, तुम्हाला वाटतं तेच आलं. त्यामुळे गेज हा शब्दच काढू नका, मिमीमध्ये बोला आणि खिशात व्हर्नियर किंवा स्क्रू गेज न्या. वजनावरूनही कळतं, 1 मिमीच्या एक चौरस मीटर शीटचं वजन साधारण सव्वा किलो भरतं.

दुसरी चूक टेबल कव्हरची. डायनिंग टेबलावर टाकतात ते ट्रान्सपरंट शीट, किंवा पावसाळ्यात हॉटेलवाले बाहेर सोडतात ते पडदे, दिसायला अगदी तेच, स्वस्त, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली चकचकीत. पण टेबल घरात असतं, त्यात उन्हापासून वाचवणारं यूव्ही स्टॅबिलायझर घालायचं कोणाला कारण नाही. मे महिन्यात अपोलो बंदरला नांगरलेल्या बोटीवर ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाजतं. यूव्हीचं डोळ्याने कळत नाही, म्हणून लेखी डेटाशीट मागा आणि त्यात यूव्हीचा उल्लेख आहे का ते वाचा. 'चालतं साहेब, सगळे नेतात' हे उत्तर आलं तर तो माल टेबलासाठी आहे.

तिसरी गोष्ट बनवण्याच्या पद्धतीची. साधं शीट मशीनमधून सरळ रोलवर ओढलेलं असतं, त्यात लाटा राहतात. चांगलं शीट त्यानंतर पॉलिश केलेल्या प्लेट्समध्ये गरम दाबून सपाट करतात, त्याला प्रेस-पॉलिश म्हणतात. आणि त्याच्याही वर काहींना ओरखडे कमी पडावेत म्हणून कोटिंग असतं, स्ट्रॅटाग्लास हे त्यातलं प्रसिद्ध नाव. चालवणाऱ्यासमोर निदान प्रेस-पॉलिश तरी हवंच. कोटिंगवालं घेतलंत तर त्याच्यासोबतचा काळजीचा कागद जपून ठेवा, त्यावर कंपनीने सांगितलेलं क्लिनरच चालतं, दुसरं पॉलिश मारलं की कोटिंग जातं.

दुकानातच करायच्या तपासण्या:

- शीट हातभर लांब धरून पलीकडच्या खिडकीची ग्रिल बघा आणि शीट हळूहळू तिरकं करा. गज वाकडे झाले, नाचले, तर समोरच्या खिडकीसाठी तो माल नको. सरळ समोर धरून सगळंच चांगलं दिसतं, खरं तिरक्यात कळतं, आणि बोटीवर पुढची खिडकी तिरकीच असते.
- रोलचं बाहेरचं टोक बघून समाधान मानू नका, दोन वेढे सोडून आतलं बघा. दाबाचे चट्टे आत असतात.
- कोपरा दुमडा आणि सोडा. पांढरी रेघ राहिली तर परत ठेवा.
- निळसर झाक असेल तर घाबरायचं कारण नाही, पिवळेपणा लपवायला तसा रंग घालतात, पण रात्री बघायच्या खिडकीला जितकी झाक कमी तितकं बरं.

पन्ना बहुतेक 54 इंची मिळतो. कट पीस घेतलात तर तो घडी घालून देऊ देऊ नका, रोल करून मागा, बाहेरून कोरा पांढरा कागद. हे आवर्जून सांगतोय, कारण दुकानदाराच्या हाताशी कायम रद्दी असते.

टप्पा 3: माप आणि साचा

शीट उन्हात पसरतं आणि थंडीत आकसतं. मीटरभराच्या खिडकीत हा फरक काही मिलिमीटरचा होतो, आणि टिच बटणाला तेवढे पुरतात. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या शीटवर अगदी ताणून माप घेतलं तर जानेवारीत पहाटे अलिबागजवळच्या मांडव्याला निघताना बटणं लागत नाहीत, लोक मग ओढून लावतात आणि बटणाभोवतीचं कापड फाटतं. माप सकाळी, सावलीत घ्या.

साचा पेपरचा करू नका, मुंबईच्या दमट हवेत तो तासाभरात मऊ पडतो. जाड, न ताणणारं प्लास्टिक फ्रेमवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावा, वरून सुरुवात करून खाली या, सुरकुती राहू देऊ नका, आणि मग त्यावर सगळं लिहा: बटणांचे मध्य, चेन कुठून कुठे, शिवणीची रेघ, कापायची रेघ, आणि 'बाहेरची बाजू' हे शब्द. शेवटचं लिहायचं राहिलं की उजवी खिडकी डावीकडची शिवली जाते. हसण्यावारी नेऊ नका, एवढं महाग शीट परत जोडता येत नाही.

> तपासा: साचा काढण्याआधी स्टीअरिंगवर उभे राहा आणि बसाही. नजरेच्या रेषेत शिवण किंवा चेन येतेय का? येत असेल तर आत्ता हलवा.

टप्पा 4: कापणं आणि शिवणं

बोटीचे पडदे शिवणारे कारागीर मुंबईत मोजके, त्यामुळे बरेच जण गाडीच्या सीट कव्हरवाल्याकडे जातात. चालेल, त्यांचा हात चांगला असतो. पण त्यांची सवय रेक्झिनची आहे आणि ट्रान्सपरंट शीटला तीन गोष्टी वेगळ्या लागतात, त्या शेजारी उभं राहून सांगा.

एक, टाचणी नाही. रेक्झिनला पडलेलं भोक दिसत नाही, याचं कायमचं दिसतं आणि तिथून फाटायला सुरुवात होते. शिवणीत लपेल अशी दुहेरी टेप वापरायची. माझ्यासमोर एक चांगले अनुभवी कारागीर म्हणाले, 'टेपने सुई चिकट होते हो, चार टाचण्या लावतो, कोणाला कळतंय'. सुई चिकट होते हे खरं आहे, मध्ये मध्ये पुसायची. पण टाचण्या लावू देऊ नका.

दोन, खूण पर्मनंट मार्करने नाही. ती शाई शीटच्या आत उतरते, वरून पुसली जात नाही, मग कोणीतरी थिनर घेतो आणि काळ्या रेघेच्या जागी पांढरा धुरकट पट्टा येतो, तो तर मुळीच जात नाही. तेलकट खडूची पेन्सिल वापरा, किंवा खूण फक्त कापडाच्या पट्टीवर करा.

तीन, टाका मोठा. 4 ते 5 मिमी. बारीक टीप मजबूत असते असं वाटतं, पण शीटला ती पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि त्याच रेघेवर ते सुटून येतं. टोकाला उलटसुलट टीप मारून गच्च करायची सवयही इथे सोडायची. चुकली टीप उसवून त्याच जागी परत मारायची नाही.

सुई 16 ते 18 नंबर, मशीनचा फूट टेफ्लॉनचा, नाहीतर शीट चिकटून टाके आखडतात. दोरा यूव्ही सोसणारा बाँडेड पॉलिएस्टर. सुती दोरा कुजतो आणि साधा नायलॉन उन्हात पॉलिएस्टरच्या आधी जातो, मी अशा खिडक्या बघितल्यात ज्यांचं शीट ठणठणीत आणि शिवण हाताने उघडतेय. चेन जाड प्लास्टिक दातांची, 10 नंबर. धातूची चेन खाऱ्या हवेत जाम होते, मग लोक तिला तेल घालतात आणि ते तेल शीटवर उतरतं.

खिडकीचे कोपरे गोल कापा. चौकोनी कोपऱ्यात सगळा ताण एका टोकावर येतो. ब्लेड नवीन हवं आणि एका दमात कापायचं. कडेला राहिलेला बारीकसा खाचा महिन्याभराने हातभर चीर होतो.

आणि फ्रेमचा पाइप. स्टीलचा पाइप उन्हात एवढा तापतो की हात ठेववत नाही, जिथे शीट त्याला टेकतं तिथे तपकिरी पट्टा भाजल्यासारखा उठतो. शिवतानाच अशी रचना करा की पाइपावर कापड यावं, शीट नाही. तसं जमत नसेल तर पाइपाला फिकट रंगाच्या कापडाची खोळ शिवा, तासाभराचं काम आहे.

टप्पा 5: धुणं. आधी पाणी, मग हात

हा टप्पा दोनदा वाचा, आणि बोटीवर जो मुलगा साफसफाई करतो त्याला वाचून दाखवा, कारण पडदे त्याच्या हातात आहेत, तुमच्या नाही.

एका लाँचवरचे तांडेल मला म्हणाले होते, 'कालच पुसलंय हो दादा, रोज पुसतो, तरी धुरकटच'. मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं, कोरडं होतं, आणि उन्हात धरलं तर त्यात मिठाचे कण चमकत होते. रोज पुसत होते म्हणूनच धुरकट होतं. सुकलेलं समुद्राचं पाणी म्हणजे मिठाचे बारीक धारदार खडे, त्यावर कोरडं फडकं फिरवलं म्हणजे पॉलिश पेपर मारला. एकदा पुसून काही दिसत नाही, साठ-सत्तर वेळा पुसून ते गोल जाळं तयार होतं.

क्रम असा:

1. वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यावरची. शीट हाताला गरम लागत असेल तर थांबा, गरम शीटवर साबण सुकून डाग बसतो.
2. गोड्या पाण्याची धार वरून खाली, शीटला हात न लावता. नळी नसेल तर झारी किंवा मग, पण ओतून, पुसून नाही. मीठ विरघळायला मिनिटभर जाऊ द्या आणि परत एकदा ओता. चेन आणि बटणांवरही ओता.
3. बादलीभर पाण्यात सौम्य साबणाचे थोडे थेंब. भांडी घासायची पावडर नाही, कपड्याचा सोडा नाही.
4. मऊ मायक्रोफायबर त्यात बुडवून, निथळत्या फडक्याने, सरळ रेषेत, वरून खाली. दाबायचं नाही. फडकं डेकवर पडलं तर ते आज परत वापरायचं नाही, दुसरं घ्या.
5. परत भरपूर गोडं पाणी.
6. दुसऱ्या स्वच्छ ओल्या आणि पिळलेल्या फडक्याने किंवा शॅमॉयने (पाणी शोषणारं मऊ चामडं) पाणी टिपून घ्या. टिपायचं, घासायचं नाही.

पाण्याबद्दल एक. महापालिकेच्या नळाचं पाणी तलावांचं, मऊ, ते उत्तम. टँकरचं विहिरीचं पाणी बऱ्याचदा जड असतं, ते अंगावर सुकलं की पांढरे ठिपके राहतात आणि लोकांना वाटतं शीट खराब झालं. तेच वापरावं लागत असेल तर सहावी पायरी अजिबात सोडू नका. आणि प्रेशर वॉशर दूर ठेवा, तो शिवणीच्या भोकांतून पाणी आत घुसवतो.

बोटीवर गोडं पाणीच नाही, मांडव्याहून येताना तोंडावर तुषार बसलेत, समोरचं दिसत नाहीये, मग काय करायचं? पुसू नका. चेन उघडा आणि खिडकी वर घ्या. भिजाल, पण दिसेल. पिण्याची एक बाटली ओतता आली तर तीही चालेल.

टप्पा 6: डाग, आणि घरगुती उपायांचं नुकसान

पक्ष्यांची विष्ठा, विशेषतः थंडीत सीगल आले की. खरवडू नका. ओलं जाड फडकं त्यावर दहा मिनिटं ठेवा, मऊ झालं की पाण्याने वाहून जातं. डिझेलच्या काजळीला साबणाचं पाणी दोनदा, घाई न करता.

आता जे लावायचं नाही ते:

- काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे. काचेसाठी आहे, हे काच नाही.
- थिनर, अॅसिटोन, पेट्रोल, रॉकेल. एकदाच पुरतं.
- टूथपेस्ट. बाइकच्या व्हायझरवर चालते म्हणून इथे मारतात, तिच्यात घासणारे कण असतात.
- खोबरेल तेल, टायर पॉलिश, सिलिकॉन स्प्रे. दोन दिवस चमकतं, मग धूळ धरतं.
- डास पळवायचं क्रीम आणि सनस्क्रीन. हे कोणी मुद्दाम लावत नाही, पण पाहुणे हाताला चोळतात आणि त्याच हाताने पडदा वर करतात. दुसऱ्या दिवशी पाच बोटांचा धुरकट ठसा. पडदा कापडाच्या कडेला धरायचा हे पाहुणे चढतानाच सांगा, कापडाची एक छोटी ओढायची पट्टी शिवून द्या म्हणजे हात आपोआप तिथे जातो.
- काळं रबर. दोरीऐवजी सायकलची ट्यूब बांधलेली असते किंवा टायर टेकलेला असतो, जिथे लागेल तिथे तपकिरी डाग आतपर्यंत उतरतो आणि निघत नाही.
- सेलोटेप, स्टिकर. उन्हात त्यांचा गोंद शीटमध्ये मुरतो.

बिनकोटिंगच्या शीटला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पीव्हीसीसाठीच बनवलेलं पॉलिश मारायला हरकत नाही, बारीक रेघा थोड्या भरतात. आधी पूर्ण धुणं, मग पॉलिश, आणि पहिल्यांदा एका कोपऱ्यात करून बघा. खोल ओरखडा मात्र पॉलिशने जात नाही.

चेन जड चालत असेल तर तेल नको, साधी मेणबत्ती दातांवर फिरवा.

टप्पा 7: गुंडाळणं

वर गुंडाळायच्या आधी दोन्ही बाजू धुतलेल्या आणि सुकलेल्या हव्यात. मिठासकट गुंडाळलं तर रोलच्या आत एक बाजू दुसरीला घासत राहते, बोट जेवढी हलते तेवढी. ओलं गुंडाळलं तर धुरकट पांढरं होतं आणि शिवणीत बुरशी धरते.

रोल सैल आणि जाड ठेवा. पट्ट्या आवळून घट्ट सुरळी केली आणि ती दुपारभर उन्हात लटकली की पट्टीचा दाब शीटवर कायमचा बसतो. मध्ये पांढरं मऊ सुती कापड घाला. घडी तर कधीच नाही.

बोट नांगरावर उभी असेल आणि चार दिवस कोणी येणार नसेल तर उलट, पडदे गुंडाळू नका. धुवून, ताणून, लावलेले ठेवा आणि बाहेरून कापडाचं कव्हर बटणांवर चढवा. माझ्या मते शीटचं आयुष्य वाढवणारी सगळ्यात स्वस्त गोष्ट हीच आहे, उरलेल्या कापडात बसते आणि तरी दहातल्या आठ बोटींवर नसते.

टप्पा 8: पावसाळ्याचे चार महिने

मेच्या शेवटी सगळ्यांना घाई असते, बोट वर काढायची, इंजिन बघायचं, आणि पडदे कोणीतरी काढून कुठेतरी टाकतं. इथे एका पावसाळ्यात एवढं नुकसान होतं जेवढं अख्ख्या मोसमात होत नाही.

सुरुवातीच्या काळात मी एका गिऱ्हाइकाचे नवे पडदे जूनमध्ये घरी आणले, नीट धुतले, सुकवले, आणि मध्ये थर म्हणून वर्तमानपत्राचे कागद घालून रोल केले. सप्टेंबरमध्ये उघडले तर समोरच्या खिडकीवर अख्खी पानं उमटलेली, मथळे, रकाने, एका जाहिरातीतली साडी नेसलेली बाई सुद्धा, सगळं उलटं, आरशात दिसावं तसं. धुतलं, साबण लावला, अक्षरं हलली नाहीत, शाई वर नव्हतीच, आत गेली होती. ती खिडकी मला स्वतःच्या पैशाने बदलून द्यावी लागली, आणि गिऱ्हाइकाचा अर्धा मोसम त्यात गेला.

तेव्हापासूनचा माझा क्रम:

1. काढायच्या आधी प्रत्येक पडद्याच्या कापडावर आतून नाव लिहा, पुढचा-उजवा, मागचा-डावा.
2. टप्पा 5 प्रमाणे धुवा, आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण एक दिवस सुकवा. दमट हवेत कापडाची दुहेरी शिवण वरून कोरडी आणि आतून ओली असते, चिमटीत दाबून बघा.
3. मध्ये घालायला पांढरी, न छापलेली, बऱ्याचदा धुतलेली सुती चादर किंवा धोतर. रंगीत साडी नको, रंग उतरतो.
4. जागा असेल तर आडवे, सपाट, एकावर एक, मध्ये चादर. मुंबईच्या घरात ती जागा पलंगाखाली असते, उत्तम आहे, फक्त वर बॅगा ठेवू नका. जागा नसेल तर जाड पाइपाला पांढरं कापड गुंडाळून त्यावर सैल रोल.
5. पत्र्याखालचा पोटमाळा नको, बोटीच्या केबिनमध्ये गाद्यांखाली तर नकोच. व्हार्निश केलेल्या लाकडाला टेकवायचे नाहीत, दोन्ही खराब होतात. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ प्लास्टिकला चिकट करते.

> तपासा: जुलैत एकदा उघडून बघा. दहा मिनिटांचं काम. बुरशीचा वास आला तर लगेच परत सुकवा, गणपतीपर्यंत थांबू नका.

परत लावताना रोल तासभर उघडून सपाट ठेवा, मग वरची चेन आधी, मग मधली बटणं, कोपरे शेवटी. आकसलं असेल तर सकाळी झटापट करू नका, अकरा-बाराला थोडं तापू द्या, आपोआप सैल होतं.

टप्पा 9: कधी बदलायचं आणि आकार न बिघडवता कसं

पिवळेपणावरून ठरवू नका, रात्री ठरवा. काळोखात चालवायच्या जागी उभं राहून खिडकीतून दूरचा एक दिवा बघा, कुलाब्याजवळचं प्रोंग्सचं दीपगृह किंवा कुठल्याही बोयावरचा दिवा, आणि मग खिडकी उघडून तोच बघा. आतून त्या दिव्याभोवती मोठं वलय दिसत असेल तर बदला, दिवसा कितीही बरी दिसली तरी. दुसरी खूण कडकपणाची, कोपरा वाकवताना करकर आवाज आला किंवा शिवणीजवळ केसाएवढ्या भेगा दिसल्या की ती एक दिवस वाऱ्यातच फुटणार. चीर पडली तर ट्रान्सपरंट टेप दोन्ही बाजूंनी लावून घरी या, पण तो घरी येण्यापुरता उपाय आहे.

कापड आणि चेन चांगल्या असतील तर अख्खा पडदा नवीन करायची गरज नाही, फक्त शीट बदलता येतं. इथे कारागीर हमखास जुनं शीट आधी कापून काढतात. मग मधलं भोक सैल पडतं, कापड हवं तसं ताणलं जातं, आणि नवीन शीट बसवल्यावर पडद्याचा आकारच बदललेला असतो, फ्रेमला बसत नाही. उलटं करा. पडदा टेबलावर सपाट पसरा, जुनं शीट जागेवरच असू द्या, नवीन शीट त्याच्यावर दुहेरी टेपने चिकटवा, जुन्या टिपेच्या शेजारून, त्याच भोकांतून नाही, नवीन टीप मारा. सगळीकडे शिवून झालं की पडदा उलटा करून जुनं शीट आतून कापा, बोथट टोकाची कात्री घेऊन, आणि कात्री आणि नवीन शीट यांच्यामध्ये पातळ पुठ्ठा सरकवत सरकवत, कारण या शेवटच्या पाच मिनिटांत नवीन खिडकीला चीर गेलेली मी एकदा नाही, तीनदा बघितली आहे.